पहिल्या युगात कुणी मरत नव्हतं

मित्रांनो, आज सकाळी बाबांची रक्षा पंचगंगेत सोडून आलो.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "तुझ्या बापानं ल्हानपणी एक देश काढलता. सांगितलं का कधी?"

कधीच नाही.

पन्नास सालाच्या आसपास कोडोलीत त्यांची आई वारली. आत्या बारा वर्षांची, बाबा आठ. तेव्हा बाबांनी पाटीवर एका देशाचा नकाशा काढला आणि तिला त्याचा इतिहास सांगू लागले. तिथं पहिल्या युगात कुणी मरत नसे. म्हातारी माणसं डोंगरापलीकडं जायची आणि सुगीला परत यायची.

"सुगी झाली, तरी आई आली न्हाई," आत्या म्हणाली. "तसं त्याच्या तोंडावर म्हटलं मी."

"मग?"

"दोन दिस बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी पाटी पुसली आन् म्हणाला, अक्का, पहिलं युग संपलं."

आत्या रडत होती. मी तिच्या शेजारी नुसता बसून होतो. आत काही हललंच नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असं उशिरा आलं होतं का? किती दिवसांनी?