काठीची कुऱ्हाड

सांगलीच्या कोर्टात वकिली करून माझे केस पांढरे झाले, पण एका दिवसात इतके फोन जन्मात आले नव्हते. आणि मी केलं काय होतं? एका स्थानिक वाहिनीवर चार वाक्यं बोलले! कुंडलजवळच्या विरोधी पक्षाच्या एका तरुण कार्यकर्त्याला सत्ताधाऱ्यांनी ऐन निवडणुकीच्या तोंडावर आत टाकलेलं. आरोप असा, की रात्रीच्या पाणी आंदोलनात त्यानं पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला ठार मारायचा प्रयत्न केला. मी एवढंच म्हटलं, "पहिल्या फिर्यादीत ह्याच्या हातात काठी आहे. दोषारोपपत्रात तिची कुऱ्हाड झाली. कशी झाली, सांगा की!"

झालं! तासगावहून माझ्या भावाचा फोन आला, "अगं, बेदाण्याचा सौदा थांबवून लोक तुलाच बघाय लागल्यात!" बाररूममध्ये दोन गट पडले, चहा गार झाला. एका घोगऱ्या आवाजानं तर फोनवर माझा उद्धारच केला. "आवं बाई, आमच्या पक्षावर घसरताय? जिभंला काय हाड?"

"तुमच्या जिभेला असलं तर डॉक्टरला दाखवा," म्हणून मी फोन आपटला. ऐकून घेणाऱ्यांतली मी नव्हेच.

दुपारी त्या गावचं बोलावणं आलं. वेशीतच हलगी कडाडली. गाडीतून उतरायच्या आत माझ्या डोक्यावर गुलाल! पोरं, बाया, म्हातारे, सगळे एका सुरात ओरडत होते, "काठीची कुऱ्हाड कशी झाली?" खोटं कशाला बोलू, मला लय भारी वाटलं. आयुष्यभर कलमं घोकली, आज पहिल्यांदा कुणी ती नाचत म्हटली.

नाचत-नाचतच मला त्या कार्यकर्त्याच्या दारात नेलं, गाडी मागोमाग आली. त्याची आई हातात भाकरतुकडा घेऊन उभी होती. माणूस तुरुंगातून घरी आला, की ओवाळून टाकतात तो. तिनं मला बाजूला सारून माझ्या गाडीत डोकावलं.

"मागं बसलाय व्हय त्यो?"

"आई, अजून सुटला नाही. मी फक्त बोलले. जामिनाची सुनावणी व्हायचीय."

"मग ह्यो गुलाल कशाचा?"

माझं डोकंच फिरलं. मी हलगीवाल्याला हात केला आणि गर्दीवर ओरडले, "बंद करा ते! त्या रात्री पाटावर निम्मा गाव होता. त्याच्या हातात काय होतं, ते कोर्टात लिहून द्यायला कोण येतंय? बोला!"

हलगी थांबली. मघाशी घसा फोडणारे आता पायाकडं बघायला लागले. कुणाला म्हशीची धार आठवली, कुणाला ऊसतोड. आईनं भाकरतुकडा पदराखाली झाकला.

"मी येतो."

आवाज घोगरा होता. मी गर्रकन वळले. सकाळी फोनवर माझा उद्धार करणारा तोच! अंगावर गुलालाचा ठिपका नाही, भिंतीला टेकून लांबच उभा होता.

"तुम्ही तर सत्ताधारी पक्षाचे ना?"

"व्हय. अजूनबी हाय." तो पुढं आला, पण माझ्याकडं न बघता त्या माउलीपुढं उभा राहिला. "आवं काकी, त्येच्या हातात काठीबी न्हवती आन् कुऱ्हाडबी न्हवती. बॅटरी हुती. पाटाचं दार दिसंना म्हनून मीच दिल्ती."

आईनं पदराखालचा भाकरतुकडा काढला आणि त्याच्यावरून ओवाळला.