नख्लेचे सोंग

सोमवार, ३ डिसेंबर २०१८. बत्रून, लेबनॉन. सकाळपासून वारा. संत बार्बाराच्या सणाचा गोड गहू शिजत ठेवला. नऊ वाजता समोरचा नख्ले प्लास्टरचे डोके काखेत घेऊन आला आणि माझा गॅसचा ओव्हन अडवून बसला.

नख्लेने चाळीस वर्षे कवळ्यांचे साचे केले. त्याचा धाकटा भाऊ फायेज दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि गुरुवारी मुलाकडे मॉन्ट्रियलला निघाला आहे, कायमचा. अकरा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला, सांत्वन स्वीकारायला घरचे उभे राहतात त्या रांगेत फायेज थोरल्याचा मान डावलून पुढे उभा राहिला. तेव्हापासून दोघांचे बोलणे नाही. पण संत बार्बाराच्या संध्याकाळी, म्हणजे आज, सोंग घेऊन आलेल्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. सोंगाने बोलायचे नसते, घरच्यांनी ओळखायचे. नख्लेला एवढेच हवे होते, की भावाला एकदा डोळे भरून पाहावे आणि ओळख न देता निघून यावे.

"बाजारातला मुखवटा घे की," मी म्हटले.

"त्यातून कान दिसतात, रामिजची आई. आमचे कान सगळ्या गावाला माहीत आहेत."

प्लास्टरच्या डोक्याला त्याने मातीची शिंगे आणि पुढे आलेली हनुवटी लावली होती. प्लास्टिकचा पत्रा लाकडी चौकटीत अडकवून ओव्हनमध्ये धरायचा, ओल्या फडक्यासारखा लोंबला की डोक्यावर ओढायचा, आणि त्याच क्षणी खालच्या भोकांच्या खोक्यातून व्हॅक्यूम क्लीनरने हवा खेचायची. त्याने पत्रा ओढला, मी बटण दाबले आणि घरातली वीजच गेली. सरकारी वीज नव्हतीच, आणि गल्लीतल्या जनरेटरची लाइन अवघी पाच अँपियरची.

"गिझर चालू होता?"

चूक माझीच होती. पत्रा सुरकुतून थिजला होता.

"आता एकच उरलाय," तो म्हणाला, आणि खुर्चीवर बसेना की बाल्कनीत थांबेना.

दुसरा पत्रा नीट बसला. पण नख्लेला धीर कुठला! पॉलिश पेपर न मारताच त्याने हिरवा रंग फासला आणि तो बोटाला साल निघावी तसा निघाला. पुन्हा घासणे, पुन्हा पातळ हात, वाऱ्यात धरून वाळवणे. चार वाजता त्याने मुखवटा चढवला. मी पाहिले आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"काय झालं?"

"हे डोकं कोणाच्या तोंडावरून काढलंस?"

"माझ्याच. प्लास्टर वाळेपर्यंत दुसरा कोण नाकात नळ्या घालून पडून राहणार?"

"मग नाक तुझंच आलंय, बाबा."

तो आरशासमोर गेला. "बापाचं नाक! मी येत नाही."

"नको येऊस. गुरुवारी विमान खालून बघ."

सहा वाजता आम्ही निघालो; पाऊस येईल म्हणून मी छत्री घेतली. वाटेत तो दोनदा परत फिरला. फायेजच्या बायकोने, अदेलने दार उघडले. "अगं बाई, हा राक्षस कोणाचा?" तिने त्याच्या पोटाला चिमटा काढला. तो उभाच. मागून फायेज आला. आधी हसला, मग जवळ येऊन पाहू लागला. त्याने बोटाने मुखवट्याच्या नाकावर टकटक केली.

"अदेल, गहू आण," तो म्हणाला. "साखर जास्त घाल."

अदेलने वाटी नख्लेच्या हातात दिली. मुखवटा घालून खाता येत नाही. शेवटी त्याने मुखवटा फक्त ओठांपर्यंत उचलला आणि एक चमचा तोंडात घातला.

फायेज त्या उघड्या हनुवटीकडे बघत होता. "दाढी कधी पिकली रे तुझी?"

"तू रांगेत पुढे उभा राहिलास तेव्हापासून," मुखवट्याआडून उत्तर आले.

"चुकलो. बस आता. पाय दुखत असतील."

नख्ले बसला. मी एकटीच घरी आले.

रात्री आठ. माझी काळी छत्री अदेलकडे राहिली.