करवतीची ताई ची

कामावर तिला सगळे करवत म्हणायचे. पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती एकट्या मुकादमाची होती, आणि तोही म्हणून झाल्यावर दोन पावलं मागे सरायचा.

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात तिची बावीस वर्षं गेली होती. वरच्या मजल्यांवरच्या चादरी कापडी पोत्यांतून खाली यायच्या, मोठमोठ्या यंत्रांत फिरायच्या आणि पिळलेल्या, जड, एकमेकींत गुंतलेल्या बाहेर यायच्या. त्या ओढून सोडवायच्या आणि जोडीदारणीबरोबर तापलेल्या रुळाखाली सरकवायच्या, हे तिचं काम. ओढता ओढता ती शिव्या घालायची. चादरीला, यंत्राला, वरच्या मजल्यावर त्या चादरीत झोपून गेलेल्या माणसालासुद्धा.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उजवा खांदा धरला. आधी वेणी घालताना कळ यायची, मग ब्लाउजमध्ये हात जाईना, शेवटी शेवटी हात छातीच्या वर उचलवेनाच.

मुकादम म्हणाला, "बाई, चादर उचलवत नाही, पण भांडताना हात बरा वर जातो तुमचा."

"तो डावा," ती म्हणाली. "जरा जवळ या, म्हणजे नीट दिसेल."

तो जवळ आला नाही. त्याने तिला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, फाटक्या चादरींना टाके घालायला. रुळावरच्या बायका येता-जाता बघायच्या. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरीही विसावा नव्हता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि त्यात ती आणि तिची नणंद. नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. हृदय कमजोर होतं, गेला. घर भावाबहिणीच्या नावावर, त्यामुळे दोघींपैकी कुणालाच दुसरीला बाहेर काढता येत नव्हतं. नणंद मोठी, अविवाहित, आयुष्यभर कपडे शिवलेली. नवरा होता तेव्हा त्याच्या तोंडी घरातली प्रत्येक वस्तू ताईची असायची. ताईची खुर्ची, ताईचं कपाट, ताईची खिडकी. तो गेल्यावर दोघींनी फळ्या वाटून घेतल्या, डबे वाटून घेतले, आणि बोलणं "दूध उतू जातंय" आणि "पाणी गेलं" एवढ्यावर आणून ठेवलं.

रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिचा खांदा चाचपला. "औषधाने सुटणार नाही. सावकाश आणि रोज हलवायला हवा. तुमच्या वस्तीत पाण्याच्या टाकीमागे एक म्हातारा ताई ची शिकवतो. त्याच्याकडे जा. फक्त त्याचं बोलणं मनावर घेऊ नका."

हे तिने रुळावरच्या बायकांना सांगितलं, तेव्हा एकीने विचारलं, "कुठल्या ताईची?"

"घरात आहे तेवढं सगळं ताईचंच," करवत म्हणाली. "सकाळ तेवढी माझी उरली होती, ती पण गेली."

म्हाताऱ्याला वस्तीत खलाशी म्हणत. जन्म जहाजांच्या इंजिनघरात गेलेला, कान अर्धे बहिरे. एकदा त्याचं जहाज दूरच्या बंदरात दुरुस्तीसाठी अकरा महिने अडकलं. तिथे धक्क्यावर मासळी साफ करणारी एक म्हातारी रोज सकाळी तासभर संथ हालचाली करायची. हा रिकामटेकडा, तिच्यामागे जाऊन उभा राहायला लागला. तेच त्याचं शिक्षण. पहिल्या भागाला तो चीगाँग म्हणायचा, म्हणजे उभं राहून श्वासाबरोबर करायचे व्यायाम. आणि नंतरच्या लांबलचक संथ चालींना ताई ची.

पहिल्या दिवशी त्याने तिला नुसतं उभं केलं. पावलांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे सैल, जीभ टाळूला, आणि हात समोर गोल, पोटाशी मोठा हंडा धरल्यासारखे.

"उजवा तेवढा वर येत नाही," ती म्हणाली.

"मी मागितला का वर? जेवढा येतो तेवढा धर. बोलू नको."

पाच मिनिटांत तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. "आता पुढे काय?"

"पुढे काही नाही. हेच."

"एवढ्यासाठी पहाटे उठून आले? झाड आहे का मी?"

"झाड असतीस तर गप्प असतीस," खलाशी म्हणाला. "खांद्यात काय भरलंय ते मला इथून दिसतंय. राग भरलाय. असू दे. रागाने उभी राहा, पण उभी राहा."

ती तणतणत घरी गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, कारण म्हातारा म्हणाला होता, "उद्या येणार नाहीस तू." त्याला खोटं पाडायचं म्हणून ती आली, आणि त्याच कारणासाठी तीन महिने येत राहिली. तीन महिने फक्त उभं राहणं, आणि श्वास घेताना दोन्ही तळवे आभाळाकडे जातील तेवढे न्यायचे, सोडताना खाली आणायचे. मग एक दिवस त्याने चालायला शिकवलं. पाऊल टेकवायचं ते रिकामं. टाच, मग तळवा, मग बोटं. जमीन पक्की आहे हे कळलं की मगच अंगाचं वजन हळूहळू त्यात ओतायचं. चार पावलांना तीन मिनिटं. तिच्यासारख्या धावतपळत जगलेल्या बाईला ही शिक्षाच होती. पण खांदा बोटभर, दोन बोटं वर जायला लागला होता.

मग टाकीमागच्या जागेला कुलूप लागलं. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने पाटी लावली: बाहेरच्यांना मज्जाव. करवत त्याच्या दारात जाऊन अशी काही बोलली की तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. कुलूप निघालं नाही.

"तोंडाने कुलूप उघडत असतं तर तू किल्ल्यांचं दुकान काढलं असतंस," खलाशी म्हणाला. "घरात फरशी आहे ना? जा, तिथे कर. रविवारी माझ्या जिन्यात येऊन दाखव."

घरात मोकळी फरशी म्हणजे बाहेरची खोली, आणि त्या खोलीत खिडकीशी नणंदेची खुर्ची. पहिल्या सकाळी ती उभी राहिली तशी नणंद उठली आणि शिलाई यंत्रावर बसली. कापड नव्हतंच, नुसतं पायडल. खडखडखडखड, पाऊण तास. दुसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीपाशी नव्हती, बरोबर खोलीच्या मधोमध होती, आणि खुर्चीत नणंद, हातात वर्तमानपत्र. करवत खुर्चीला वळसा घालून चालली. तिचा हात नणंदेच्या डोक्यावरून सावकाश गेला. वर्तमानपत्र हललं नाही.

असे दोन महिने गेले. एका सकाळी तिने डावं पाऊल पुढे टाकलं, टाच टेकवली, आणि टाच सरकली. फरशीवर पाणी होतं, साबणाचं. पावलात अजून वजन ओतलं नव्हतं, म्हणून ते नुसतंच घसरलं आणि तिने ते उचलून घेतलं. रोजच्या चालीने चालली असती तर त्याच खांद्यावर आपटली असती. एका पायावर उभी राहूनच तिने खुर्चीकडे बघितलं. नणंदेच्या खुर्चीमागे बादली होती. नणंदेचा चेहरा पांढरा पडला होता.

करवतीने पाऊल कोरड्या फरशीवर ठेवलं आणि उरलेल्या चाली पुऱ्या केल्या. पंधरा मिनिटं. मग ती खुर्चीसमोर आली.

"वन्सं, मला मारायचंच असेल तर सरळ जिन्यावरून ढकला. साबण कशाला वाया घालवता?"

"मला वाटलं, तू आधीच बघशील," नणंद म्हणाली. "मला फक्त हे बंद करायचं होतं. बघवत नाही मला."

"काय बघवत नाही? हात हलवते ते?"

"सावकाश चालतेस ते!" नणंद ओरडली. "डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, रोज अर्धा तास सावकाश चाला. तो तुला म्हणायचा, चल ना बरोबर. एकदा तरी गेलीस? गेलीस तेव्हा वीस पावलं पुढे. तो मागून धापा टाकत यायचा आणि तू कोपऱ्यावर उभी राहून ओरडायचीस, 'आटपा, मला कामाला उशीर होतो.' मी या खिडकीतून बघायचे. त्याच्यासाठी एक दिवस तुझी चाल कमी झाली नाही. आता स्वतःच्या खांद्यासाठी बघा कशी कासवासारखी!"

करवतीने जेवणाचा डबा उचलला. ती कामाला गेली आणि दिवसभर एकाही चादरीला शिवी घातली नाही. रुळावरच्या बायका घाबरल्या.

नऊ दिवस तिने काहीच केलं नाही. दहाव्या दिवशी खांदा पुन्हा जड झाला. ती खलाशाच्या जिन्यात गेली आणि सगळं सांगितलं.

"खरं बोलली की खोटं?" त्याने विचारलं.

"खरं."

"मग? नवऱ्याच्या नावाने खांदा पुन्हा धरून बसणार? त्याचा काय फायदा त्याला? उभी राहा इथे. गुडघे सैल."

ती जिन्यात उभी राहिली. हंडा धरल्यासारखे हात, आणि डोळ्यांतून पाणी. खलाशाने हनुवटी खाली घे एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा बाहेरच्या खोलीत चालायला लागली, पण आता खिडकीपासून दारापर्यंत, नवऱ्याला चालायला सांगितलं होतं तेवढा अर्धा तास जास्त. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

वर्षअखेरीस हात पूर्ण वर गेला. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं, आणि मुकादमाने तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. "बघा. वर्षभर बसून खाल्लं आणि आता हात ठणठणीत. मी म्हणत होतो ना, नाटक आहे?"

बायका श्वास रोखून वाट बघत होत्या. करवतीने कागद त्याच्या हातातून काढून घेतला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि रुळाकडे गेली. ओली चादर तिने खांद्याने ओढली नाही. गुडघे सैल केले, वजन मागच्या पायावर घेतलं आणि चादर पूर्ण अंगाने बाहेर काढली. जोडीदारीण वैतागली. "अगं, अशाने दिवस उलटेल!"

"उलटू दे," करवत म्हणाली. "आणि मुकादम, नाटक बघायला तिकीट लागतं. निघा."

त्या दिवसापासून तिचा रूळ सगळ्यांत हळू चालतो. मुकादमाने दोनदा वर तक्रार केली. पण तिच्या रुळावरच्या चादरी फाटत नाहीत, म्हणून वरच्यांनी लक्ष घातलं नाही.

घरात समेट वगैरे झाला नाही. डबे अजून वेगळे आहेत. फरशीवर पुन्हा पाणी पडलं नाही, एवढंच. खुर्ची मधोमधच असते. परवा सकाळी ती हात ढगासारखे फिरवत बाजूला सरकत होती, तेव्हा वर्तमानपत्राआडून आवाज आला, "डावा पाय घाईने उचललास. काल दोन श्वास जास्त थांबली होतीस."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"विचारायला कशाला हवं? दीड वर्ष समोर नाचतेयस."

करवतीने दात आवळले. मग ती खिडकीपाशी परत गेली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.