मंगलाताईंचं लॉगआउट

"या बाई टर्मिनलवर बसल्या की सर्व्हिस बंद पडते," डॉक्टरसाहेब म्हणाले. "सोमवारपासून यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवतोय."

मंगलाताई, त्यांच्या लॅबच्या ऑपरेटर, तिथेच उभ्या होत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्याचं एक खाजगी हॉस्पिटल. मी जळगावहून एसटीने आलेला सर्व्हिस इंजिनिअर. सर्व्हर आमच्याच कंपनीने बसवलेला. लॅबमध्ये रिपोर्ट टाइप झाला की वॉर्डातल्या प्रिंटरवर निघायचा. हे करणारा प्रोग्रॅम स्क्रीनवर दिसत नाही, मागे चालू असतो. त्यालाच सर्व्हिस म्हणतात. रोज सकाळी एक कमांड देऊन मंगलाताई ती सुरू करत. आमच्या माणसानेच तसं शिकवलं होतं. महिनाभरापासून ती दुपारी बंद पडत होती. आदल्या दिवशी एका बाळंतिणीचा रिपोर्ट अडकला आणि रक्त द्यायला उशीर झाला. बाई वाचली, पण डॉक्टर हादरले होते.

मी मुख्य मशीनवरून सर्व्हिस सुरू केली. डिस्क, मेमरी, केबल, सगळं तपासलं. दुपारपर्यंत एकदाही बंद पडली नाही.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "आज त्यांनी हात लावला नाही."

वॉर्डातले म्हातारे शिपाई आबा माझ्याजवळ येऊन अहिराणीत हळूच म्हणाले, "ताईना काही दोष नही शे, साहेब."

मी सर्व्हिस थांबवली आणि ताईंना म्हणालो, "रोज करता तसंच सगळं करा."

"पुन्हा माझ्याच नावावर जाईल."

"मी शेजारी बसतो."

त्यांनी कमांड दिली, रिपोर्ट टाइप केले. वॉर्डातून प्रिंटरचा आवाज येत होता. जेवायला निघताना त्यांनी दोन कळा दाबल्या आणि आवाज थांबला. अर्धा कागद बाहेर, अर्धा आत.

"काय केलंत?"

"लॉगआउट. जागा सोडताना करायचंच, असा साहेबांनी गेल्या महिन्यात नियम काढलाय. पेशंटची माहिती उघडी राहू नये म्हणून."

माझ्या लक्षात आलं. ज्या लॉगिनमधून प्रोग्रॅम सुरू होतो, त्या लॉगिनचाच तो धरला जातो. माणूस लॉगआउट झाला की सर्व्हर त्यालाही बंद करतो. सकाळी मी लॉगआउट केलंच नव्हतं. खरं तर सर्व्हरबरोबर ही सर्व्हिस आपोआप सुरू व्हायला हवी होती. आमच्या माणसाने ती सोय केलीच नव्हती.

डॉक्टरांना बोलावलं. "आता तुम्ही करा, साहेब." त्यांनी स्वतः कमांड दिली, प्रिंटर चालू झाला. मग स्वतः लॉगआउट केलं. प्रिंटर गप्प.

त्यांनी ताईंकडे पाहिलं. "म्हणजे यांनी माझा नियम पाळला, म्हणून?"

"हो. आणि आमचं काम अपुरं होतं, म्हणून."

सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टअपच्या फाइलमध्ये मी दोन ओळी घातल्या आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. ताईंनी रिपोर्ट पाठवले आणि पुन्हा लॉगआउट केलं. प्रिंटर चालूच राहिला.

डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, सोमवारी इथेच बसा. चूक माझी झाली."

ताईंनी मान हलवली, डबा उघडला आणि अर्धी कळण्याची भाकर माझ्यापुढे सरकवली. तेव्हा कुठे त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हापासून कुठलीही सर्व्हिस बंद पडली की ती कोणी बंद केली हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, सुरू कशी केली होती.