रंगपंचमीच्या दिवशीचा पेपर

सुट्टी जाहीर करायचा अधिकार मुख्याध्यापिकाबाईंचा. पण मुलींच्या लेखी सुट्टी देणारा माणूस एकच, गोटीराम शिपाई. काखेत सूचनावही घेऊन तो व्हरांड्यात दिसला की माझ्या बीजगणिताच्या तासाचे बारा वाजायचे. मागच्या बाकांवरून खाणाखुणा सुरू. हा गृहस्थ माझी नजर चुकवून मुलींकडे बघत हळूच मान डोलवायचा. मी दोघांनाही झापायची. फरक कुणालाच पडत नसे.

गोटीराम अस्सल जुन्या नाशकातला, सातवी पास. अक्षर मात्र आम्हा सगळ्या शिक्षिकांना लाज वाटावी इतकं देखणं. म्हणून फाटकाजवळचा फळा त्याच्याकडे होता. सुट्टीची सूचना लिहून तो खाली रंगीत खडूंनी चित्र काढायचा. पोळ्याला मातीचा बैल, नागपंचमीला झोका. धुळवडीला नाशकात लहान मुलांना देवाचे वेष घालून वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेतात, त्यांना वीर म्हणतात. तसा एक चिमुकला वीर तो फळ्यावर नाचवायचा. मुली घरी जायच्या सोडून फळ्यापुढे घोळका करून उभ्या राहत.

पण त्याचा खरा सण रंगपंचमी. आमच्याकडे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे चौकातला दगडी बांधणीचा खोल हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रस्ता जातो. त्या दिवशी तो उघडायचा, रंगाने भरायचा, पूजा करायची आणि मग एकेकाने उंचावरून आत उडी घ्यायची. तिला धप्पा म्हणतात. ज्याच्या धप्प्याने रंग लांबवर उडतो तो खरा मर्द. गोटीराम पन्नाशीला आला तरी त्याच्या चौकात पहिला धप्पा त्याचाच असे. दुसऱ्या दिवशी तो कानामागे गुलाबी घेऊन शाळेत यायचा आणि आठवडाभर तसाच घंटा देत फिरायचा.

ऐंशीनंतरचं दुसरं की तिसरं वर्ष होतं. दहावीचं वेळापत्रक आलं आणि माझं डोकंच फिरलं. बीजगणिताचा पेपर नेमका रंगपंचमीला! वेळापत्रक साऱ्या राज्याचं एक. नाशिकची स्थानिक सुट्टी कुणाच्या ध्यानात राहणार? आमचं केंद्र आलं होतं गंगापूर रोडला, म्हणजे मुलींना रंगात बुडालेलं गाव ओलांडून जायचं. मी सगळ्यांना सकाळी आठलाच शाळेत बोलावलं आणि आडवाटेने नेऊन केंद्रावर पोहोचवलं. त्या घाईत मोजायच्या मात्र राहिल्या. सगळ्यांच्या रिसीटा, म्हणजे हॉल तिकिटं, मी माझ्याच पिशवीत ठेवत असे. साडेदहाला वाटायला घेतल्या, तर एक उरली. मथुरा.

मथुरा मखमलाबादच्या मळ्यातली. तिची आई नवसाबाई फुलं पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची. घरात शाळा पाहिलेलं माणूस नव्हतं. पोरगी अबोल, पण गणितात तिच्यासारखी मुलगी मला दहा वर्षांत मिळाली नव्हती. नापास होण्याचा प्रश्नच नव्हता. पण पेपरलाच नाही आली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की नवसाबाई तिला पुन्हा बसवणार नाही, लग्न लावून मोकळी होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"कुणाला काही निरोप आहे का तिचा?" मी विचारलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. पाण्याची कळशी घेऊन आलेला गोटीराम जागीच थांबला.

"बाई, काल सांजच्याला आली व्हती ती."

"कुठं?"

"शाळेच्या फाटकापाशी. शाळा बंद झालती. फळा वाचत उभी व्हती. मी रहाडीच्या रंगासाठी फुलं घेऊन घाईत निघालो व्हतो, बोललो नाय."

"फळ्यावर काय लिहिलं होतं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दरवर्षी लिहायचा तेच. 'उद्या रंगपंचमीनिमित्त शाळेस सुट्टी.' खाली पिचकारी. 'दहावीचा पेपर मात्र होईल' ही ओळ नव्हती.

"गोटीराम, अहो काय केलंत तुम्ही!" मी सगळ्यांसमोर ओरडले. त्याने कळशी खाली ठेवली, शाळेची सायकल ओढली आणि सुटला.

मग मी केंद्राच्या फाटकावर उभी राहिले. अकराला घंटा झाली, मुली आत गेल्या. अर्धा तास उशिरापर्यंत आत घेतात, त्यानंतर नाही. मी घड्याळ बघत होते. तो मळ्याकडे गेला की बाजाराकडे? सणाचा दिवस, फुलांना मागणी. नवसाबाई बाजारातच असणार हे त्याला सुचेल का? मळ्याकडे गेला असेल तर संपलंच. अकरा दहा. अकरा पंधरा. माझ्या तळहातांना घाम सुटला आणि हातातली ती एक रिसीट ओली होईल म्हणून मी ती पुस्तकात घातली. तोपर्यंत मी गोटीरामला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की लिहायची सोय नाही.

त्याला सुचलं होतं. बाकीचं मला मागाहून कळलं. फूलबाजारात मथुरा आईशेजारी बसून झेंडूचे हार ओवत होती. हा धापा टाकत समोर उभा राहिला तेव्हा नवसाबाई म्हणाली, "आज तं सुट्टी हाय ना? तुमीच तं फळ्यावर लिवलं. पोरीनं वाचून दाखवलं मला." "पेपर हाय आज, चल!" तो मथुराला म्हणाला. मथुरा हार टाकून सायकलच्या कॅरिअरवर बसली.

परतताना वाट त्याच्याच चौकातून. पोरांनी त्या वर्षी लवकर पूजा उरकली होती आणि पहिल्या धप्प्यासाठी सगळे गोटीरामचीच वाट बघत होते. त्यांनी सायकल धरली. "अरे, सोडा! पोरीचा पेपर हाय!" तो ओरडला. पोरं हसली. त्या दिवशी जो तो काही ना काही सबब सांगतोच, आणि सुट्टीच्या दिवशी पेपर ही तर फारच कच्ची सबब. हुज्जत घालण्यात वेळ जात होता. मारली उडी की सोडतील, असा त्याने हिशेब केला. मथुराला सायकल धरून भिंतीकडे उभं केलं आणि गेला धावत. पण धप्पा बेताने मारायची त्याच्या अंगाला सवयच नव्हती. रंग उडाला तो थेट भिंतीपर्यंत. मथुरा नखशिखान्त गुलाबी झाली.

अकरा सत्तावीसला ती दोघं फाटकात आली. मी पोरीला दंडाला धरून आत पळवलं, तर दारात केंद्रसंचालक आडवे.

"हिला बसवता येणार नाही. रंग उत्तरपत्रिकेला लागेल. पेपरवर खूण झालेली चालत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"रंगलेल्या मुलीला बसवू नये असं कुठल्या नियमात आहे? दाखवा मला," मी म्हणाले. "अर्धा तास व्हायला अजून तीन मिनिटं आहेत. तेवढ्यात तिला आत जायचा हक्क आहे. तुम्ही अडवलंत, तर तुमच्या नावानिशी तक्रार करीन."

गोटीराम मागे उभा होता, अंगावरून रंगाचे ओघळ चाललेले. तो केंद्रसंचालकांच्या पायाशी वाकायला लागला. मी त्याला दटावलं, "उभे राहा सरळ! पाया पडायचं काय कारण?" डाग अपघाताने पडल्याचं मी तिथेच लिहून सही केली. माझा रुमाल मथुराला हाताखाली घ्यायला दिला. साहेब बाजूला झाले. मथुरा आत गेली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना मी लेखी अहवाल दिला. सूचना अपुरी लिहिल्याबद्दल गोटीरामला मेमो मिळाला. वीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. त्याने मुकाट्याने सही केली. त्यानंतर निकालापर्यंतचे अडीच महिने त्याने कसे काढले, तोच जाणे. रोज एकदा माझ्याकडे यायचा. "बाई, डाग पाहून पेपर बाजूला तं नाय ना काढणार?" मी म्हणायची, "नाही काढणार." मला तरी कुठे माहीत होतं! फळ्यावर त्या काळात तो चित्र काढत नसे. नुसती सूचना लिहायचा, दोनदा वाचायचा आणि मला बोलावून दाखवायचा.

जूनमध्ये निकाल लागला. मथुरा पहिल्या वर्गात पास. बीजगणितात शाळेत पहिली. मी यादी गोटीरामपुढे धरली, त्याने तिच्या नावावर बोट ठेवलं आणि तो ढसाढसा रडला. मुली बघत होत्या. त्यालाही लाज वाटली नाही आणि मलाही नाही.

दोन दिवसांनी मथुरा आईला घेऊन पेढे द्यायला आली. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. गोटीरामने पेढा हातात तसाच धरून विचारलं, "पोरी, एक सांग. त्या सांजच्याला मी समोरूनच गेलो ना? मग मला एक हाक का नाय मारली?"

मथुराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

"पेपरही पुढे गेला का, ते विचारायलाच आले होते, मामा. पण बाई वर्गात म्हणाल्या होत्या, फळ्यावर लिहिलेलं वाचता येत नाही का, सारखं काय विचारता? परत विचारलं तर बाकावर उभी करीन. मीच उभी राहिले होते त्या दिवशी."

मला आठवलं. फेब्रुवारीतली गोष्ट, सराव परीक्षेची वेळ विचारली होती तिने.

गोटीरामने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जाऊ दे गं," तो म्हणाला, "पास झालीस ना!" आणि पेढा तोंडात टाकून घंटा द्यायला गेला.

मुख्याध्यापिकाबाईंची खोली तिथून दहा पावलांवर होती. अहवाल बदलून द्यायला मी जायला हवं होतं. उद्या जाईन म्हटलं, परवा जाईन म्हटलं. पुढे सहा वर्षांनी गोटीराम निवृत्त झाला, तेव्हाही तो मेमो त्याच्या सेवापुस्तकात तसाच होता.