दूदूजवळची नीलगाय

मुरलीधर निकम यांची सगळी नोकरी दुसऱ्यांचे अपघात वाचण्यात गेली. मूळचे साताऱ्याचे. सरकारी विमा कंपनीत लागले, बदल्या होत होत जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर वैशाली नगरातच राहिले. मुलगी मिताली अजमेरला दिलेली, आणि बायकोला, सुधाला, इथली कोरडी हवा मानवलेली. मुरलीधर दाव्यांच्या विभागात होते. कुणाची गाडी कुठे आपटली, आणि सांगणारा खरं सांगतोय की रचून, हे ठरवणं त्यांचं काम.

रचलेल्या हकिकतींत एक जनावर फार यायचं. ड्रायव्हरला डुलकी लागायची, गाडी झाडावर जायची, आणि तो सांगायचा की नीलगाय आडवी आली. नीलगाय काही जबाब द्यायला येत नाही. ऑफिसात कुणी जेवणानंतर टेबलावर पेंगताना दिसला की "ह्याला नीलगाय दिसली" असं म्हणायची पद्धत पडली होती, आणि ती पाडली होती मुरलीधरांनीच. "अख्ख्या राजस्थानात नसतील एवढ्या नीलगाई माझ्या कपाटात आहेत," ते म्हणायचे.

गेल्या जानेवारीत त्यांना नीलगाय दिसली.

मितालीकडून पहाटे निघाले होते. धुकं होतं. सुधा शेजारी शाल पांघरून बसली होती. दूदू गाव मागे पडलं आणि थोड्या वेळाने धुक्यातून एक ओली मान वर आली. एक डोळा. शांत, जुनी ओळख असल्यासारखा. त्यांनी चाक वळवलं, आणि समोर खेजडीचं झाड आलं.

त्यांना कपाळावर खोक पडली, तेवढीच. सुधाचं उजवं मनगट आणि खांदा मोडला. हाडं पुढे जुळली, पण बोटं मिटेनात.

गाडी बघायला कंपनीकडून परीक्षित माथुर आला. मुरलीधरांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने वाकून बंपर पाहिला. चेपलेल्या पत्र्यात झाडाची साल अडकली होती. जनावराचा केस नव्हता, रक्त नव्हतं.

"क्या आया था सामने, सर?"

"नीलगाय."

परीक्षित सरळ उभा राहिला. "सर, आप भी?" असं म्हणून तो हसला, आणि मग त्या हसण्याचं काय करावं ते त्याला कळेना. रुमालाने उगीच हात पुसत राहिला.

गाडी वळवली म्हणून ती जनावराला लागली नाही, हे मुरलीधरांना सांगता आलं असतं. पण तेही प्रत्येक ड्रायव्हर सांगायचा.

तेव्हापासून ती येऊ लागली. सकाळी दूध आणायला निघालं की कॉलनीच्या पार्कच्या कठड्याआड मान. बँकेच्या रांगेत, काचेपलीकडे, स्कूटरींच्या मधे. काही करायची नाही. फक्त बघायची, आणि ते बघायला लागले की नसायची. आपण तिला खरंच पाहिलं होतं, की झोपेत गेलेल्या माणसाने जागं होता होता स्वतःसाठी एक जनावर उभं केलं होतं? मुरलीधर आठवणीला उलटसुलट प्रश्न घालत. आठवण दर वेळी तेच सांगे: मान, डोळा. त्याच्या आधीचं काहीच नाही. किशनगढ ते दूदू हा सगळा रस्ता पुसलेला.

शेजारी बसलेल्या माणसाला ठाऊक असणार. सुधा त्यावर एकदाही बोलली नव्हती. तिने आपल्याला झोपलेलं पाहिलं आणि पदराखाली झाकून ठेवलं, असं त्यांनी धरून चाललं होतं. तिच्या निकामी बोटांपेक्षा तिच्या गप्प राहण्याची त्यांना जास्त भीती वाटे.

वकील शेखावत यांनी सुधाच्या दुखापतीचा दावा लावला. गाडी मुरलीधरांची, चालवणारे तेच, म्हणून अर्जदार सुधा आणि प्रतिवादी मुरलीधर, भरपाई द्यायला कंपनी त्यांच्या मागे.

"इतकी वर्षं संसार केला, आता कुठे तुमच्यावर केस टाकायला मिळाली," सुधा म्हणाली.

"जिंकशील," मुरलीधर म्हणाले.

त्यांनी शेखावतांना नीलगाय सांगायला सुरुवात केली. शेखावतांनी हात वर केला. "निकम साहब, आप तो खुद इसी लाइन के हैं. इस धारा में गलती किसकी, ये पूछा ही नहीं जाता. नीलगाय हो, ऊँट हो, कुछ न हो. चोट है, गाड़ी है, पॉलिसी है. बस."

हे मुरलीधरांना माहीत होतंच. कित्येक घरांत बसून त्यांनी स्वतः ते समजावलं होतं, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे हलके होताना पाहिले होते. आता ते ऐकताना मात्र दार बाहेरून कुणी लावल्यासारखं झालं.

सुनावणीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. जबाब पाठ होता. विचारलं तर सगळं सांगायचं, पुसलेल्या रस्त्यासकट, असं ठरवलं होतं. न्यायाधीशांनी डॉक्टरांचे कागद पाहिले, सुधाला हात उचलायला लावला. मुरलीधर उभे राहिले तेव्हा न्यायाधीश म्हणाले, "आपकी ज़रूरत नहीं है, बैठिए." कंपनीने हरकत घेतली नाही. दावा मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुधाची वेणी घालत होते. अपघातानंतर ते शिकले होते. पहिले काही दिवस वेणी दोरखंडासारखी व्हायची.

"एक विचारू?"

"विचारा. पण ओढू नका."

"तू पाहिलीस का ती?"

कोण, असं तिने विचारलं नाही. पाठमोरीच होती.

"मी झोपले होते," सुधा म्हणाली.

त्यांचे हात थांबले.

"किशनगढ सोडलं तेव्हाच. निघताना तुम्ही म्हणालात, बोलत राहा म्हणजे मला पेंग येणार नाही. एवढं एकच काम माझ्याकडे होतं. धाड आवाज झाला तेव्हा जागी झाले. हॉस्पिटलात वाटलं, तुम्ही विचाराल. मग वाटलं, कोर्टात विचारतील. कुणीच विचारलं नाही हो."

"मला वाटत होतं, मी झोपलो ते तू पाहिलंस."

"झोपला होतात?"

"माहीत नाही."

हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटले. म्हणजे त्या रस्त्यावर तेव्हा पाहणारं दुसरं कुणीच नव्हतं. ते आणि ती नीलगाय, आणि कदाचित ते एकटेच.

"पाहिलीस असं म्हण," ते म्हणाले.

"आता कशाला? दावा तर झाला."

"दाव्यासाठी नाही. मला सांग."

असल्या पढवलेल्या साक्षीदाराला ते आयुष्यभर दारातूनच परत पाठवत आले होते. वेणीचे तीन पेड त्यांच्या बोटांत तसेच होते.

"नर होता की मादी?" तिने विचारलं.

"धुकं होतं ग."

"मग मी नर म्हणते. मोठा होता. उजवीकडून आला."

"डावीकडून," मुरलीधर म्हणाले.

"डावीकडून," सुधा म्हणाली.