गुरुवारची कणिक

देवावर रुसायचा मला तसा काही अधिकार नव्हता, पण मी रुसलो होतो. चांगला सव्वा महिना रुसलो होतो. देवळाच्या वाटेनं जायचं सोडलं, मळ्यात जायला लांबची पांदण धरली, आणि घरात कोणी भजनाचं नाव काढलं की ताटावरून उठायचो. माझा स्वभाव मूळचाच तापट. त्यात फजिती अशी झालेली की आठवली तरी कानशिलं तापायची. आज ती सांगताना हसू येतं, पण तेव्हा गाव सोडून कुठं तरी निघून जावं असं वाटत होतं, हे लपवून काय करू?

आमचं गाव जानेफळपासून दोन कोसांवर. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि डोणगावच्या बाजारात नेऊन विकायची, हा आमचा धंदा. मृदंग मी तात्यांकडे शिकलो. तात्या म्हणजे गावचे जुने मृदंगी. नात्याचे नव्हेत, पण माझा बाप मी लहान असतानाच गेला, आणि पुढं जी काही शिस्त, शिव्या आणि माया मिळाली ती त्यांच्या ओसरीवर मिळाली. गुरुवार हा आमच्या गावात भजनाचा वार. अकरा वर्षं दर गुरुवारी त्यांच्यापुढं हात घासला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा तात्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, जीभ जड झाली. एके दिवशी त्यांनी डाव्या हातानं मृदंग माझ्याकडे सरकवला आणि एवढंच बोलले, "आता तू."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मृदंगाच्या डाव्या तोंडाला दर वेळी वाजवण्याआधी गव्हाची ओली कणिक थापावी लागते. तिच्याशिवाय घुमारा येत नाही, नुसता डबा वाजल्यासारखं होतं. वाजवून झालं की ती कणिक त्याच दिवशी काढायची, कातडं पुसायचं, आणि कणिक गाईला घालायची. दुसऱ्या दिवशी नवी मळायची. तात्या कणकीच्या बाबतीत फार कडक. माझी मूठ जरा मोठी झाली की म्हणायचे, "हाव करू नको बे. मूठभर पुरे."

चैत्रातल्या सप्त्याला मी पहिल्यांदा त्यांच्या जागेवर बसलो. सहा दिवस बरे गेले. सातवा दिवस काल्याचा. बाहेरगावचे नावाजलेले कीर्तनकार आलेले, मंडप गच्च, डोणगावचीसुद्धा माणसं आलेली. माझ्या डोक्यात वारं शिरलं. म्हटलं, आज शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या पोटात घुमलं पाहिजे. तात्यांचं बोलणं बाजूला ठेवून मी दुप्पट कणिक थापली. कीर्तन रंगात आलं, गजर सुरू झाला, मी सगळा जीव पंजात आणून डावी थाप मारली, आणि तो एवढा मोठा गोळा सुटला तो थेट बुवांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर जाऊन बसला.

मी घाबरून तसंच वाजवत राहिलो. उघडं कातडं टणटण करायला लागलं, सम सुटली, टाळकरी एकीकडे आणि मी एकीकडे. मंडपातून कोणी तरी ओरडलं, "मृदंगानं पोळी वाढली रे बुवाले!" सगळा मंडप हसला. बुवांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, "मृदंग राहू द्या. टाळावर होऊ द्या." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी खांबाकडे पाहिलं. तिथं तात्या बसले होते. त्यांनी मान खाली घातली, काठी ओढली, शेजारच्याच्या खांद्याला धरून उठले आणि मंडपातून निघून गेले. लोकांचं हसणं मी विसरलो असतो. तात्यांची ती पाठ मला विसरता येईना.

घरी आलो, मृदंग तसाच चादरीत गुंडाळला आणि कणगीमागं सारला. देवाला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. अकरा वर्षं तुझ्या भजनासाठी हात घासला, आणि एका दिवसापुरती माझी लाज राखता आली नाही तुला? घरची म्हणायची, "तात्या वाट पाहत असतीन. जाऊन या एक डाव." मी खेकसायचो, "काय तोंड घेऊन जाऊ?" गुरुवार यायचा आणि जायचा. देवळात टाळ वाजायचे, मी कानावर उपरणं ओढून पडून राहायचो.

शेवटी ठरवलं, मृदंगच नको. देऊळगावराजाला बालाजीच्या पायाशी नेऊन ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. पहाटे चादरीचं गाठोडं खांद्यावर घेऊन निघालो तशी घरची दारात आडवी झाली. "अवो, मृदंग तात्यांचा हाय. देवाले द्याले तो तुमचा हाय काय?" मी चिडलो आणि तिला बाजूला सारून निघालो.

मेहकरला देऊळगावची गाडी मिळाली. ऊन चढलं तशी गाडी धापा टाकायला लागली, आणि एका लिंबाच्या झाडाजवळ इंजिनातून वाफच वाफ. चालक म्हणाला, तासभर तरी लागेल. सगळे उतरलो. लिंबाखाली शेंदूर फासलेला मारोती होता. त्याच्यापुढं कोणाचा तरी नवस फिटत होता. गवऱ्यांचा जाळ पेटवून त्यात जाड कणकीचे गोळे, रोडगे, भाजायला घातले होते, आणि एक म्हातारी मोठ्या परातीत कणिक मळत बसली होती. मी गाठोडं मांडीवर घेऊन सावलीला टेकलो. त्या ओल्या कणकीचा वास नाकात गेला आणि मी तोंड दुसरीकडे वळवलं.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे पाहिलं. "मृदंग हाय ना रे त्यात?"

"हाव."

"भजनाले चालला?"

"नाई माय. देवाले देऊन टाकाले चाललो."

"काऊन? देवानं मांगतला काय?"

आता ह्या बाईला काय सांगायचं? पण कोण कुठली परकी बाई, पुन्हा कधी भेटणार नाही, आणि सव्वा महिना मनात कोंडून ठेवलेलं. मी सगळं सांगून टाकलं. धोतराचं सांगितलं तेव्हा म्हातारी हसायलाच लागली. "अरे बापा! बुवाच्या धोतरावर!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग यायला पाहिजे होता. पण तिच्या हसण्यात मंडपातलं काही नव्हतं. बघता बघता मलाही हसू फुटलं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

मग तिनं हात धुतले आणि गाठोडं सोडायला लावलं. मृदंग पाहिला आणि तिचं तोंड एकदम उतरलं. डाव्या तोंडावर त्या दिवशीची उरलेली कणिक तशीच होती, वाळून दगड झालेली. "आत्ता वो माय! हे काय करून ठेवलं? तशीच वाळू देली? एवढे दिवस?" रागाच्या भरात मी कातडंसुद्धा पुसलं नव्हतं. तिचा मालक मृदंगी होता, हे तिनं तेव्हा सांगितलं. तो देवाघरी गेलेला. तीस वर्षं तिनं त्याच्यासाठी कणिक मळली होती.

मी नखानं ते खरडायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. "घासू नको. कातडं फाटन. भिजू दे, आपोआप सुटते." तिनं एक फडकं ओलं केलं, त्या वाळल्या कणकीवर ठेवलं आणि आपण शांत रोडगे उलटवायला लागली. मी बसून राहिलो. गाडीतली माणसं चालकाच्या नावानं बोंबलत होती, आणि मी एका ओल्या फडक्याकडे पाहत होतो. थोड्या वेळानं तिनं फडकं उचललं. कणिक सालीसारखी अलगद निघून आली.

रोडग्याचं पीठ जाडंभरडं, ते मृदंगाला चालत नाही. म्हातारीनं काय करावं? लुगड्याचा पदर एका ताटावर धरला, त्यातून कोरडं पीठ चाळलं, आणि जे बारीक खाली पडलं त्याचा मूठभर गोळा मळला. मूठभरच. माझ्यापुढं धरून म्हणाली, "आमच्या बुढ्याचीबी पडे. दोनदा तं मीच पाह्यली. कणकीचा सोभावच हाय पडाचा. पडली का दुसरी लावाची. घे, मारोतीले ऐकव."

कणिक लावली, थाप मारली, घुमारा आला. ठेका धरला, म्हातारीनं टाळी धरली, आणि चौथ्या मात्रेला मी चुकलो. थांबायला गेलो, पण म्हातारी टाळ्या वाजवतच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा उचललं, पुन्हा चुकलो. तिची टाळी चालूच. मी चुकलो म्हणून ती थांबली नाही, आणि मग माझंही थांबणं राहून गेलं. केव्हा सम सापडली मला कळलं नाही. मी रडत होतो, सरळ सांगतो, भर उन्हात, चार लोकांपुढं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. समोर शेंदरी मारोती होता. सव्वा महिन्यात मी पहिल्यांदा देवाकडे तोंड वर करून पाहिलं.

"तुया गावात भजन कोन्या दिवशी राह्यते?" तिनं विचारलं.

"गुरुवारी."

"आज कोणता वार हाय मंग?"

गुरुवार होता. तेवढ्यात समोरून मेहकरकडे जाणारी गाडी आली. मी घाईघाईनं कणिक काढली, कातडं पुसलं. गोळा तिनं आपल्या हातात घेतला, म्हणाली, गाईले मी घालतो. फडक्यात दोन गरम रोडगे बांधून दिले. मी पाया पडलो, नाव विचारलं, तर म्हणाली, "नावाचं काय करतो? जाय, गाडी सुटन." मागून आमच्या गाडीचा वाहक ओरडत होता, "ओ भाऊ, तिकीट देऊळगावचं हाय तुमचं!" बालाजीला मी गाडीतूनच हात जोडले. त्याच्या दारापर्यंत पोहोचायच्या आधीच त्यानं मला माघारी लावलं होतं.

गावात पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. घरी न जाता तडक तात्यांकडे गेलो. पायरीवर पाय ठेवला पण वर जाववेना. त्यांची सून दारात आली. तिनं मला पाहिलं, खांद्यावरचा मृदंग पाहिला, तशीच आत गेली आणि वाटी घेऊन आली. वाटीत कणकीचा गोळा होता, ओल्या फडक्याखाली झाकलेला. मी चक्रावलो.

"वहिनी, मी येतो म्हणून कोणं सांगतलं?"

"कोणी नाई सांगतलं भाऊजी. सप्ता झाल्यापासून दर गुरुवारी मळून ठेवाले लावते मामाजी. म्हणते, येईन तो. तुम्ही येत नाई, मंग गाईले घालतो. आज पाचवा गुरुवार." मग जरा थांबून म्हणाली, "काल्याच्या दिवशी मामाजी धडपडत घरी आले. म्हणे लवकर मळ, त्याची पडली, त्याले दुसरी नेऊन देतो. म्या मळली, मामाजी निंघाले, तं कीर्तन आटोपलं होतं."

मी पायरीवर बसलो ते बसलोच. जी पाठ मला सव्वा महिना जाळत होती, ती माझ्यासाठी कणिक आणायला निघाली होती. लुळ्या पायानं. आणि मी इकडं देवाला विचारत बसलो होतो की माझी लाज का राखली नाहीस.

आत तात्या खाटेवर होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं माझ्या पाठीवर धपाटा घातला, चांगला लागेल असा. मग वाटी ओढली, गोळ्यातला थोडा तोडून वाटीत परत टाकला, उरलेला स्वतःच्या हातानं मृदंगाला थापला. जड जिभेनं म्हणाले, "हाव... नको... करू." मी डोळे पुसत हसलो. त्या संध्याकाळी देवळात मी दोनदा चुकलो. तात्या खांबाशी बसून डाव्या हातानं मांडीवर ठेका देत होते. तो थांबला नाही.

त्यानंतर देऊळगावला कितीदा गेलो, बालाजीचं दर्शन केलं. वाटेत तो लिंब दिसतो, मारोती दिसतो. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. कोण होती, कुठली होती, मी शोधलं नाही. गाडी तिथंच का तापली, याचाही विचार मी आता करत नाही. मला जे हवं होतं ते मागायच्या आधीच मळून, झाकून ठेवलेलं होतं. मी फक्त जायचा राहिलो होतो. देवाच्या हवाली करायचं म्हणजे वस्तू नेऊन टाकायची, असं मला वाटत होतं. तसं नसावं. आपण आपली मूठभर लावावी, पडली तर पडू द्यावी, आणि पुन्हा हात पुढं करावा.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून वाजवतो, माझ्यापुढं दोघंतिघं शिकतात. गुरुवारी भजनाला निघताना घरची अजून दोन गोळे मळून देते. एक मृदंगाला. दुसरा ओल्या फडक्यात माझ्या मांडीजवळ असतो, कोणाचीही पडली तर असावा म्हणून.